दुसरा हात

डबा शेडमध्ये उभा आहे, चाकांखाली विटा.
अग्निहोत्री मॅडम म्हणाल्या, सुर्वे पेंटर,
नवं करा, पण जुनं दिसलं पाहिजे.
म्हटलं, होईल.
चहाचं पाणी फासलं की सागवानाचं वय वाढतं.
माझं तर नुसतं पिऊनच वाढलं.

पॉलिशकागद घासत गेलो.
आधी हिरवा निघाला, मग मलई,
त्याखाली लाल, वाळल्या डाळिंबाच्या सालीसारखा,
आणि लालाच्या पोटात एक पांढरा र,
शेपूट जरा जास्तच वळलेली.
हात थांबला.
हा लतीफ उस्तादांचा र.
सहा महिने त्यांनी मला फक्त उभी रेघ काढायला लावली होती
दाल बाजारातल्या एका बंद शटरवर;
रोज काढायची, रोज पुसायची.
र च्या मागचं पुढचं काही उरलं नव्हतं.
रेल, रोको, रहीसन,
काहीही असेल.

दोन रुळांत अंतर दोन फूट.
आमच्याकडचा जेवायचा पाट याहून रुंद होता.
अशा गाडीला घाई शोभत नाही, तिनं ती केलीही नाही.
मोतीझीलच्या पुढे उतरावं, बोरं झोडावीत,
खिसा भरून शेवटचा डबा धरावा.

रहीसन घोसीपुऱ्याला चढायची.
गाडी तिथं थांबायची असं नाही, दम घ्यायची.
रहीसनचा एक हात दुधाच्या कॅनच्या कडीत,
दुसरा हात हवेत.
तो कुणीही धरायचा.
तिकीटबाबूनं धरलेला मी पाहिलाय,
आणि तिकीट विचारायचं विसरलेलाही.
वर आली की सगळ्यांनाच झापायची :
सरको ज़रा, दूध है,
आदमी नहीं कि दब गया तो चल जाएगा.

आता मजकुराचा कागद माझ्या खिशात आहे.
फक्त रविवारी. तीनशे रुपये, चहा-बिस्किट धरून.
सामान आणू नये.
पायदानावर उभे राहू नये :
हे खास जुन्या वळणात हवंय.
अहो, पायदान रिकामं दिसलं तर
ड्रायव्हर मागे वळून बघायचा,
डबे सुटले की काय मागेच.

पाटीवर दोनच नावं, निघायचं आणि पोचायचं.
विचारलं, मॅडम, घोसीपुरा?
बाई वाईट नाहीत.
दोन वर्षं फाईल छातीशी धरून भोपाळचे जिने चढल्यात,
नाहीतर हा डबा
हजीऱ्याच्या भंगारवाल्यानं किलोवर नेला असता.
म्हणाल्या, तिथं फलाटावर चुली आहेत हो,
रुळांवर गोधड्या वाळतात.
बघू, पुढच्या टप्प्यात.
पुढचा टप्पा हे स्टेशन मला माहीत आहे.
तिथं अजून कुठलीच गाडी आलेली नाही.

काल रात्री चौकीदार झोपला
आणि मी बल्ब खाली ओढून घेतला.
पहिला हात उस्तादांचाच ठेवला, तोच लाल.
त्यांच्या र ला शिवलो नाही.
र च्या आधी घोसीपु लिहिलं,
र ला फक्त एक काना दिला, उभी रेघ,
सहा महिन्यांची.
उस्तादांनी तिथं हेच लिहिलं होतं का, कोण जाणे.
जागा मात्र बरोबर पुरली.

वाळल्यावर दुसरा हात मारला.
त्यावर मॅडमची दोन नावं, सोनेरी, सावलीसकट.
सकाळी त्या मागे सरकून बघत राहिल्या,
डोळे पुसले त्यांनी. चांगलंच झालंय काम.

ग्वाल्हेरचं ऊन मला पाठ आहे.
दोन उन्हाळे, फार तर तीन,
मग पत्रा तापेल, रंगाला पोपडे धरतील,
एखादं पोर खिडकीतून हात काढून
नखानं सोलत बसेल.
जुनं दिसलं पाहिजे म्हणाल्या होत्या ना.

मधे प्रायमर मारलेला नाही.
बिलातही लावलेला नाही.